चार बाइटांची चूक

शाळेच्या प्रयोगशाळेत लिनक्सवर चालणारा संगणक असेल, तर हा अनुभव तुम्हाला कदाचित आला असेल. वाय-फायचे उपकरण काल नीट चालत होते. रात्री संगणक अद्ययावत झाला आणि सकाळी तासाच्या वेळी नेटवर्क गायब! ड्रायव्हर पुन्हा तयार करायला जावे तर पडद्यावर तक्रार येते : कर्नल ज्या कंपायलरने तयार केले तो निराळा, तुम्ही वापरता तो निराळा. प्रोग्रॅम तोच, भाषा तीच. मग नुसता कंपायलर बदलल्याने काय बिघडते?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. (लष्करातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही!) सगळे ड्रायव्हर या गाभ्यात आधीच भरलेले नसतात. काही ड्रायव्हर 'मॉड्यूल' म्हणून वेगळे तयार करून चालू कर्नलला जोडतात. म्हणजे कर्नल तयार केले दुसऱ्याने, मॉड्यूल तयार करणार आपण.

आता परीक्षेच्या गुणपत्रकाची कल्पना करा, पण रकान्यांना शीर्षके नाहीत. 'तिसरा रकाना गणिताचा' एवढेच दोघा शिक्षकांत ठरलेले आहे. एकाने मध्ये एक कोरा रकाना सोडला आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताच नसला, तर तो भलतेच गुण वाचील. कंपायलरच्या हातून नेमके हेच घडते. सी भाषेतील स्ट्रक्चरच्या घटकांना आपण नावे देतो, पण यंत्रभाषेत ती नावे उरत नाहीत. उरते ते फक्त 'सुरुवातीपासून इतके बाइट पुढे' एवढेच.

याचे खरेखुरे उदाहरण लिनक्सच्या २.४ मालिकेत सापडते. दोन प्रोसेसरांनी एकच माहिती एकाच वेळी बदलू नये म्हणून कर्नलमध्ये 'स्पिनलॉक' नावाचे कुलूप असते. प्रोसेसर एकच असेल तर कुलूप हवे कशाला? म्हणून तेथे ते रिकामे स्ट्रक्चर ठेवले होते. पण जीसीसी या कंपायलरच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीत रिकाम्या स्ट्रक्चरला आरंभीची किंमत देताना दोष उद्भवे. त्यावर उपाय म्हणून तिच्यासाठी कुलपात एक पूर्णांक घातला गेला. त्याचे नावच 'जीसीसी सदोष आहे' अशा अर्थाचे होते. प्रोग्रॅमरही मनातला राग असा काढतात. २००१ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीसाठी मात्र कुलूप रिकामेच राहिले.

परिणाम पाहा. समजा, एका स्ट्रक्चरमध्ये चार बाइटांची संख्या, मग कुलूप आणि मग एक पत्ता आहे. जुन्या कंपायलरच्या हिशेबाने पत्ता आठ बाइट पुढे, नव्याच्या हिशेबाने चारच. कर्नल जुन्याने आणि मॉड्यूल नव्याने तयार केले असेल, तर मॉड्यूल पत्ता समजून कुलपातले शून्य उचलते. साध्या प्रोग्रॅममध्ये असे झाले तर तो प्रोग्रॅम तेवढा बंद पडतो. मॉड्यूल मात्र कर्नलच्याच घरात राहते, त्यामुळे सगळा संगणकच कोलमडू शकतो.

म्हणून डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ मालिकेत मॉड्यूलवर एक ओळखचिठ्ठी लावू लागले. तिच्यात कंपायलरची आवृत्तीही असे; ती जुळली नाही तर कर्नल मॉड्यूलला दारातच अडवी. पुढे चिठ्ठीतून कंपायलरचा उल्लेख वगळला गेला. आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो, कारण सी स्ट्रक्चरची मांडणी आता सहसा आवृत्तीगणिक बदलत नाही.

आज अडचण येते ती बहुधा मॉड्यूल तयार होतानाच. २०२४ च्या सुरुवातीला उबुंटू २२.०४ वापरणाऱ्या अनेकांकडे ६.५ हे कर्नल आले. ते जीसीसी १२ ने तयार केलेले होते आणि संगणकावर नेहमीचा होता जीसीसी ११. फंक्शनमधील चलांना आरंभी शून्य किंमत द्यावी, ही सुरक्षिततेसाठीची सूचना १२ ला समजते. ११ ला ती ठाऊकच नाही, म्हणून तो काम थांबवतो. अशा वेळी 'प्रॉक' फोल्डरमधील 'व्हर्जन' ही फाइल उघडावी. कर्नल कोणत्या कंपायलरने तयार झाले ते तिच्यात लिहिलेले असते. तोच कंपायलर बसवून मॉड्यूल पुन्हा तयार करावे.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग द्या. रिकामे स्ट्रक्चर लिहून त्याचा आकार छापायला सांगा. जीसीसीमध्ये सी म्हणून उत्तर शून्य येईल. तोच प्रोग्रॅम सी प्लस प्लस म्हणून चालवला, तर एक.