शेतावरचे मांजर पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेताना

शेतकऱ्याच्या घरी मांजर मुद्दाम पाळावे लागत नाही, ते असतेच. कणगीच्या आडोशाला ते विते, चुलीच्या उबेला निजते, धार काढायच्या वेळी गोठ्यात हजर होते. उरलेला दिवस ते कुठे असते हे कोणी विचारत नाही. धान्याला उंदीर लागला नाही, की त्याचा आणि घरधन्याचा हिशेब पुरा होतो.

आता हा हिशेब बदलू लागला आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो, नातवंडांसाठी मागोमाग आईवडील जातात आणि घरच्या माणसांबरोबर मांजरही निघते. काहींना तर गाव सोडावेच लागले नाही, शहरच त्यांच्या दारी आले. २०१७ साली धायरी, उंड्री, आंबेगाव यांसह ११ गावे आणि २०२१ साली वाघोली, सूस, नऱ्हे, मांजरी बुद्रुक यांसह २३ गावे पुणे महापालिकेत घेण्यात आली. जिथे बैलगाडीची वाट होती तिथे डंपर धावू लागले. अशा ठिकाणी मांजराला पूर्वीसारखे मोकळे सोडणे म्हणजे चाकाखाली सोडणेच होय.

म्हणून पुष्कळ कुटुंबे मांजराला घरात ठेवू पाहतात आणि आठ दिवसांत हात टेकतात. मांजर रात्रभर दाराशी ओरडते, गादीवर मुतते, पडदे फाडते आणि एक दिवस दार उघडे सापडले की निघून जाते. ‘कुत्रे माणसाचे, मांजर घराचे’ असे म्हणून बाकीचे गप्प बसतात. आजी मात्र चार दिवस दुधाची वाटी घेऊन जिन्यात उभी राहते.

वाचकहो, वांग्या-मिरचीचे रोप आपण गादीवाफ्यावरून उपटून एकदम रानात लावत नाही. लागणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करून ते काटक करतो, मुळांना माती ठेवून काढतो, ऊन उतरल्यावर लावतो. मांजराची जागा बदलणे हीदेखील पुनर्लागणच आहे. ती टप्प्याटप्प्याने केली, आणि बाहेर त्याला जे मिळत होते ते घरात दिले, तर बहुतेक मांजरे महिना-दीड महिन्यात रुळतात.

कोणते मांजर न्यावे?

माणसाच्या हाताची सवय मांजराला फार लहानपणी लागते. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिलाला माणसांनी हाताळले, ते पुढे माणसात रमते. मांडीवर येणारे, हाक मारल्यावर धावणारे मांजर खुशाल न्यावे. जो बोका कधी कोणाच्या हाती लागला नाही, त्याला चार भिंतींत कोंडणे ही भूतदया नव्हे. त्याला शेतावरच ठेवावे आणि मागे राहणाऱ्या भावकीतल्या कोणावर तरी त्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी नक्की सोपवावी.

निघण्यापूर्वी

तयारी निदान महिनाभर आधी सुरू करावी. पशुवैद्यकाकडून रेबीजची लस आणि मांजरांच्या इतर रोगांवरील लस टोचून घ्यावी, जंताचे औषध द्यावे. नर असो वा मादी, शस्त्रक्रिया करून घ्यावी. मांजरी जेमतेम नऊ आठवड्यांत विते आणि पिले पाच-सहा महिन्यांची झाली की त्यांची पुढची पिढी सुरू होते. बोका तर मादीच्या वासाने दार ओरबाडतो आणि भिंतींवर मुताच्या चिळकांड्या उडवतो. निम्म्या तक्रारी या एका शस्त्रक्रियेने कमी होतात.

खाणे ठरल्या वेळी द्यावे आणि रात्री मांजराला एका खोलीत ठेवावे. कोंबड्यांच्या डालग्यासारखी मजबूत टोपली किंवा हवेची भोके असलेले खोके त्याच्या वावरण्याच्या जागी उघडे ठेवून त्यात खाऊ टाकावा, म्हणजे प्रवासाच्या दिवशी पकडापकडी होत नाही. निघण्यापूर्वी चार-पाच तास पोटभर खायला घालू नये. टोपली घट्ट बांधावी आणि वाटेत उघडू नये.

दोन वस्तू आठवणीने बरोबर घ्याव्यात : मांजर ज्यावर निजते ते गोणपाट, न धुता, आणि ते जिथे उकरून बसते तिथली अर्धे पोते कोरडी माती. मांजर जागा ओळखते ती मुख्यतः वासाने. रोपाच्या मुळाशी ठेवलेल्या मातीसारखीच ही शिदोरी समजावी.

पहिला आठवडा एकाच खोलीत

नव्या घरात मांजराला एकदम सगळीकडे फिरू देऊ नये. एक शांत खोली द्यावी. तिच्यात गोणपाट, खाणे, पाणी, लपायला एक आडवे खोके आणि दूरच्या कोपऱ्यात विधीची जागा असावी. त्यासाठी महागड्या वस्तूंची गरज नाही. उथळ घमेल्यात दोन-तीन इंच शेतातली माती घालावी. ओळखीच्या मातीत बहुतेक मांजरे आपण होऊनच बसतात. पुढे थोडी थोडी वाळू किंवा बाजारात मिळणारी खास माती मिसळत जावे.

घमेल्यातली घाण रोज काढावी. मांजराच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा या रोगाचे जंतू असू शकतात आणि ते बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजची सफाई हाच उत्तम उपाय आहे. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे.

पहिले एक-दोन दिवस मांजर पलंगाखाली बसून राहील. त्याला ओढून काढू नये. जवळ बसून आपले काम करीत राहावे. नीट खाऊ लागले आणि शेपटी वर करून फिरू लागले की दुसरी खोली उघडावी. मात्र दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यक गाठावा, कारण उपाशी मांजराचे यकृत लवकर बिघडते.

रात्री ओरडले म्हणून दार उघडू नये. एकदा उघडलेत, तर ओरडल्यावर दार उघडते हे ते कायमचे शिकेल. जुने घर जवळच असेल तर ते तिकडेच धाव घेईल. तेव्हा निदान महिनाभर येता-जाता दार सांभाळावे.

शेत घरात आणा

मांजर शेतावर दिवसभर काय करते? दबा धरते, झाडावर चढते, खोडावर नखे घासते, उन्हात लोळते, गवत चावते. फ्लॅटमध्ये या प्रत्येक गोष्टीला पर्याय द्यावा लागतो. तो दिला नाही, की ते पडद्यावर चढते आणि सोफ्यावर नखे घासते.

शिकारीसाठी दोरीला चिंधी किंवा पीस बांधून सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे खेळवावे, कारण मांजराचा स्वभावच पहाटे आणि तिन्हीसांजेला चपळ होण्याचा आहे. शेवटी शिकार त्याच्या हाती लागू द्यावी आणि लगेच जेवण द्यावे. शिकार, जेवण, झोप हा त्याचा क्रम जमला की रात्रीचे ओरडणे कमी होते. हे काम नातवंडे आनंदाने करतात.

नखांसाठी शेतातून बाभळीचा तीन फुटी ओंडका आणून त्याला काथ्याची दोरी गुंडाळावी आणि तो हलणार नाही असा उभा करावा. चढायला खिडकीशेजारी एक भक्कम फळी ठोकावी. उंचावरून रस्ता पाहत मांजर तासन्‌तास बसते.

गवतासाठी, नवरात्रात आपण घटाभोवती धान्य पेरतो तसे, एका कुंडीत गहू पेरावा. आठवड्याभरात हिरवा चारा तयार होतो. ज्वारी मात्र पेरू नये. कोवळ्या ज्वारीने जनावरे दगावतात हे आपण जाणतोच, तोच विषारी अंश मांजरालाही घातक आहे.

खाणेपिणे

शेतावर आपण भाकरी-दूध घालत होतो आणि मांजर धडधाकट होते, असे पुष्कळ जण म्हणतात. त्याचे खरे पोषण उंदरांवर होत होते. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. मांस-मासळीत असणारा टॉरिन हा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो. तो न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते. शाकाहारी अन्नातून ही गरज भागत नाही.

मटण-मासळी चालणाऱ्या घरात बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडलेले मांस आणि मासळी द्यावी, पण नुसत्या मांसानेही पोषण पुरे होत नाही. म्हणून मुख्य आहार बाजारात मिळणाऱ्या तयार खाद्याचा ठेवावा. माळकरी घरात तर तोच मार्ग आहे. कांदा-लसूण असलेला रस्सा कधीही देऊ नये. मोठ्या मांजराला दूध पचतेच असे नाही. पाणी मात्र भरपूर हवे, आणि ते खाण्यापासून दूर, मातीच्या पसरट भांड्यात ठेवावे. घरात बसून पाणी कमी प्यायल्याने लघवीचे विकार होतात. बोका पुन्हा पुन्हा घमेल्यात बसतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर उद्याची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो.

गॅलरी आणि खिडक्या

मांजर उंचावरून पडले तरी पायावर उतरते हा समज अर्धाच खरा आहे. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यकांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी तपासून १९८७ साली अहवाल प्रसिद्ध केला. उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेक वाचली, पण छातीला मार, फुटलेले जबडे आणि मोडलेले पाय मोठ्या प्रमाणावर आढळले. कबुतर किंवा पाखरू पाहून झेप घेताना मांजराला मजल्याचे भान राहत नाही. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी मांजर कुरतडू शकते आणि सरकत्या खिडकीची डासांची जाळी त्याच्या वजनाने निघते. आधी गॅलरीला तारेची भक्कम जाळी बसवावी आणि मगच तिचे दार उघडावे.

औषधांपासून सावध

गुरांच्या गोचिडांसाठी आपण जी औषधे वापरतो ती मांजराला लावू नयेत. परमेथ्रिनसारख्या औषधाने त्याला झटके येऊन मृत्यू ओढवतो. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेते. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालून ते पाय चाटते आणि फिनेल पोटात जाते, म्हणून घमेले साबणाने आणि गरम पाण्याने धुवावे. इमारतीत उंदरांना विष घातले असेल तर विषारी उंदीर खाऊनही मांजर दगावू शकते. त्याला घरात ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

थोडे नियमांविषयी

पुणे महापालिकेने २०२२ साली कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांचीही नोंदणी करण्याचा निर्णय घेतला. रेबीज लसीचा दाखला जपून ठेवून नोंदणी करून घ्यावी. दयेपोटी मांजरांची संख्याही वाढवू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसर भागातील एका फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरे असल्याची तक्रार झाली आणि महापालिकेला ती हलविण्याची नोटीस द्यावी लागली. दोन खोल्यांच्या घरात एक किंवा दोन मांजरे पुरेत. आणि नाही जमले म्हणून गोणीत घालून मंडईत किंवा नदीकाठी सोडून येऊ नये. पाळीव जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

गाव सोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना फ्लॅटमध्ये दिवस जाता जात नाही. गोठा नाही, अंगण नाही, येता-जाता बोलणारे शेजारी नाहीत. अशा घरात वेळेवर हाक मारून खायला मागणारे एक जित्राब असले, तर सकाळी उठायला कारण मिळते. मांजर घरात आणण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे. रोपाला कधी पाणी द्यावे आणि कधी थांबावे हे ज्यांना कळते, त्यांना हे शिकवावे लागणार नाही.