मृत्युपत्र केव्हा करावे, कोणाकडून करावे?

मृत्युपत्राचा विषय घरात निघाला, की कोणीतरी म्हणतेच, "तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये." विम्याचा हप्ता भरताना आपल्याला मरणाची भीती वाटत नाही, मृत्युपत्राचा कागद पुढे आला, की मात्र हात आखडतो. मग जे काम वडिलांनी एका दुपारी उरकायचे, त्यासाठी मुलांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके लागतात, आणि त्यांच्याबरोबर मालमत्तेचे निरनिराळे प्रकारही दिसतात. उल्हासनगर ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत. लष्करी छावणीच्या बराकींत ती वसली आणि 1949 साली तिला आजचे नाव मिळाले. तिथे अनेक घरांचा मूळ कागद म्हणजे पुनर्वसनाची सनद. अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव. तिथे फंड, ग्रॅच्युइटी आणि सोसायटीतली खोली. बदलापुरास नव्या इमारतींतले फ्लॅट, आणि भोवतालच्या गावांत सातबाऱ्यावरची शेती. प्रकार निराळे, पण मालक गेल्यावर प्रश्न एकच: आता हे कोणाचे?

मृत्युपत्र नसेल, तर उत्तर कायदा देतो. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. पुरुष मालक वारला, तर त्याची पत्नी, आई, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि सर्वांचा हिस्सा सारखा. समजा, बराकीतल्या घराचा मालक वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. घराचे चार सारखे भाग झाले. मुलगी लग्न होऊन बदलापुरास गेली, म्हणून तिचा चौथा हिस्सा बुडत नाही. "तिच्या लग्नात खर्च केला ना?" हे बोलणे ओसरीवर चालते, कोर्टात चालत नाही. वडिलोपार्जित मिळकतीतही 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला आहे, आणि त्यासाठी वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. मुसलमान व ख्रिस्ती बांधवांचे नियम वेगळे आहेत. ठाकूर, कातकरी अशा अनुसूचित जमातींनाही हा कायदा सरसकट लागू नाही. त्यांनी आपापल्या कायद्याची चौकशी करावी.

आता एक फार पसरलेला गैरसमज. नॉमिनी म्हणजे मालक, असे पुष्कळांना वाटते. 'कालनिर्णय' ज्यांच्या घरात भिंतीवर आहे, त्यांना ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर हे नाव सांगायला नको. त्यांनी 2011 साली मृत्युपत्र केले होते. 2013 साली ते निवर्तले. त्यांच्या काही मुदतठेवींवर आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनींची नावे होती. त्या रकमा नॉमिनींच्या की सर्व वारसांच्या, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला: नॉमिनी केवळ नाव असल्यामुळे मालक होत नाही. संस्था त्याच्या हाती रक्कम देते. मालकी मात्र मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाच्या कायद्याप्रमाणे ठरते. गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरते सभासद करून घेतात, पण त्यामुळे वारसांचा हक्क जात नाही. विमा आणि फंड यांचे नियम थोडे निराळे आहेत, ते वेगळे विचारून घ्यावेत. बोध काय? नुसते मृत्युपत्र करून भागत नाही. मृत्युपत्र आणि नॉमिनेशन यांचा मेळ बसला पाहिजे.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, भाषा आपली चालते. शेवटी सही किंवा अंगठा करावा, आणि तो पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांनी करणाऱ्याच्या समक्ष सह्या कराव्यात. नोटरीचा शिक्का या दोन साक्षीदारांची जागा घेऊ शकत नाही. साक्षीदार शक्यतो आपल्याहून वयाने लहान निवडावेत, कारण पुढे त्यांना कोर्टात सांगावे लागते. ज्याला मिळकत मिळायची, त्याला साक्षीला घेऊ नये. वय झाले असेल, तर डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला जोडावा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येते, शेवटचे खरे.

पण मृत्युपत्राने आपण आपलेच देऊ शकतो, ही गोष्ट लोक विसरतात. सनद आजोबांच्या नावावर आहे, घरपट्टीची पावती वडिलांच्या नावावर आहे, आणि वडील सगळे घर धाकट्याला लिहून देतात. घरपट्टीच्या पावतीने मालकी येत नाही हो! आजोबांचे इतर वारस असतील, तर वडिलांच्या हाती फक्त त्यांचा हिस्सा आहे. सातबाऱ्याचेही तेच. तिथली नोंद महसुलासाठी. ती वेळेवर, म्हणजे तीन महिन्यांत, कळवावी हे खरे, पण एखाद्या बहिणीचे नाव फेरफारात राहून गेले, म्हणून तिचा हक्क संपत नाही. तेव्हा आधी मूळ कागद शोधा, मग मृत्युपत्र लिहा.

इथे वकील लागतो. तो शोधावा कसा? वकिलांना जाहिरात करण्याची मुभा नाही, म्हणून पाटी मोठी ती विद्या मोठी असे समजू नये. ज्यांची वारसाची कामे झाली आहेत, त्यांना विचारावे. कल्याणच्या कोर्टात दिवाणी कामे करणारे कोण, याची चौकशी करावी. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आहे ना, हे विचारायला संकोच नको. पहिल्या भेटीत मूळ कागद दाखवावेत, फी ठरवावी आणि पावती घ्यावी. "फी नको, मिळकतीत वाटा द्या," असे कोणी म्हटले, तर तिथून उठावे. असा करार वकिलांच्या नियमांनाच मान्य नाही. आणखी एक. ज्या मुलाला घर मिळायचे, त्याने आणलेल्या वकिलासमोर त्याच्याच देखत मजकूर सांगू नये. एकट्याने बोलावे.

पैसे नसतील तरी वाट आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कारखान्यातले कामगार आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ठाण्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 15100 या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावात कागद वाचून घ्यायला माणसे तुमच्याकडेच येतात. दिवस-कार्य उरकण्याच्या आतच एखाद्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते आणि भाऊ म्हणतो, "नुसती सही कर, नावापुरतं आहे." हक्क सोडायचा की नाही, हा तिचा प्रश्न, प्रेमाने सोडणाऱ्या बहिणी पुष्कळ आहेत. पण आपण काय सोडतो आहोत, हे तिला कळले पाहिजे. तो कागद तिला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवा. आणि म्हणा, "ताई, घाई नाही. उद्या सही केली तरी चालेल."