मधाची दिडकी

हे भाषण मद्यपानाच्या पुरस्कारार्थ नाही, एवढे आरंभीच सांगून टाकतो. सरकारी नोकराने असे सांगून ठेवलेले बरे. मला बोलायचे आहे ते एका प्राचीन पेयाविषयी आणि विशेषतः त्याच्या मोजमापाविषयी.

संस्कृतातील ‘मधु’ आपण ‘मध’ करून घरात ठेवला. त्याच शब्दाचे भावंड पोलंडमध्ये ‘म्युत’ या रूपाने नांदते. तेथे मधालाही म्युतच म्हणतात आणि मध आंबवून केलेल्या मद्यालाही म्युतच. इंग्रजीतील ‘मीड’ याच कुळातला. ‘मद्य’ हा शब्द मात्र या घराण्यातला नव्हे. तो ‘मद्’ धातूवरून आलेला आहे; ध्वनिसाम्यामुळे पुष्कळांची फसगत होते.

मध वर्षानुवर्षे टिकतो, याचे कारण त्याचा सुमारे चार-पंचमांश भाग साखरेचा असतो. इतक्या दाट साखरेत किण्वाचे सूक्ष्म जीव वाढू शकत नाहीत. त्यांच्याच पेशीतले पाणी साखर शोषून घेते. मधात पाणी घातले की हा पहारा उठतो आणि साखरेचे मद्यार्कात रूपांतर सुरू होते. तेव्हा पाणी किती घालायचे, हाच या कलेतील मूळ प्रश्न ठरतो. पोलिश लोकांनी त्याचे उत्तर पेयाच्या नावातच गोवून ठेवले आहे.

एक माप मध आणि तीन मापे पाणी, म्हणजे एकूण चार मापे. म्हणून नाव ‘च्वुर्न्याक’. दोन मापे पाणी घातले तर ‘त्रुयन्याक’, एकच घातले तर ‘द्वुयन्याक’. आपल्या चतुर्, त्रि आणि द्वि यांचे चेहरे या नावांतून सहज ओळखू येतात. आणि एका माप मधात अवघे अर्धे माप पाणी घातले की होतो ‘पुव्तोराक’. ‘पुव्तोरा’ म्हणजे दीड! लहानपणी पावकी-निमकीबरोबर दिडकी घोकलेल्या मराठी माणसाला या नावाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. गंमत अशी, की आपल्याकडे दिडकी म्हणजे क्षुल्लक नाणे, तर तिकडची ही दिडकी सर्वांत महाग.

ती महाग का, हे समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर मधाचे वजन जवळजवळ १.४ किलो भरते. त्यात अर्धाच लिटर पाणी मिसळायचे, म्हणजे प्रत्येक लिटर मिश्रणात जवळपास एक किलो मध पडला. इतक्या गोड द्रावणात किण्व धड सुरूही होत नाही. म्हणून मधाचा काही भाग राखून ठेवतात आणि आंबणे चालू झाल्यावर मागाहून घालतात. त्यातून मधात नत्रयुक्त द्रव्ये फार थोडी, त्यामुळे किण्वाचे पोषण बेताचेच होते आणि काम रेंगाळते. कोवळे पेय उग्र लागते. त्याला मुरावे लागते. च्वुर्न्याकला किमान ९ महिने, त्रुयन्याकला १२ महिने, द्वुयन्याकला २ वर्षे आणि पुव्तोराकला ३ वर्षे! आमच्या कचेरीत एखादे प्रकरण तीन वर्षे मुरत पडले, तर त्याची चव सुधारल्याचा अनुभव नाही. येथे मात्र सुधारते. परंतु तोवर मधात गुंतलेले भांडवल अडकून पडते, आणि ते कोणी सोसायचे हा प्रश्न उरतोच.

मध्ययुगात पोलंडच्या अरण्यांत वृक्षांच्या ढोलीत मधमाश्या पाळीत असत. पोलंड आणि बेलारूसमधील या परंपरेची युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. लेशेक नावाच्या तेराव्या शतकातील एका राजपुरुषाने, पवित्र भूमीत हे पेय मिळत नाही, अशी सबब सांगून धर्मयुद्धाला जाण्याचे टाळले, अशी कथा तिकडे आवडीने सांगितली जाते. पुढे अरण्ये आटली, धान्य आणि बटाटे यांपासून स्वस्त मद्य निघू लागले आणि मधाचे पेय मागे पडले.

तरीही ते नामशेष झाले नाही. माझ्या मते याचे बरेचसे श्रेय त्या मोजमापाला आहे. युरोपीय संघाने २००८ मध्ये ही चारही नावे त्यांच्या प्रमाणांसह आणि मुरण्याच्या मुदतींसह नोंदवून घेतली. आता दीडाचे नाव घ्यायचे तर मध दीडाच्या मापानेच घालावा लागतो. नियमांची चेष्टा करणे सोपे असते. मीही केली आहे. पण हा नियम नसता तर साखरेच्या पाकात मधाचा वास घालून तोच किताब मिरवायला कितीसा वेळ लागला असता?

महाराष्ट्रातही अलीकडे पुणे आणि नाशिक येथे मधाचे मद्य तयार होऊ लागले आहे. तेथील पेये बहुधा हलकी आणि फेसाळ असतात. बिअर पिणाऱ्यालाही ती परकी वाटू नयेत अशी. पुण्यात मधमाश्यांच्या संशोधनासाठी १९६२ पासून केंद्रीय संस्था आहे आणि महाबळेश्वरचा मध तर सर्वांच्या परिचयाचा. तेव्हा मध आहे, ज्ञानही आहे. दिडकी काढायची, तर आज भरलेल्या पिंपाकडे तीन वर्षे नुसते पाहत बसण्याची कोणाची तरी तयारी हवी.