टर्बो इंजिनाची घरची निगा

रविवारची मिस्सा आटोपल्यावर किंवा चतुर्थीच्या सुट्टीत पेडणे, डिचोलीकडील एखाद्या घराच्या अंगणात मोटारीचे बॉनेट उघडून त्यात डोके घातलेला तरुण पुष्कळदा दृष्टीस पडतो. मोटार जुनी घेतलेली, पण वेगाची असते आणि तिच्या इंजिनाला टर्बोचार्जर असतो. त्याच्या मनात दोन इच्छा असतात. गाडी निर्दोष चालावी ही एक, आणि ती कारखान्याने ठरविल्यापेक्षा अधिक जोराने धावावी ही दुसरी. पहिली इच्छा घरच्या घरी बरीचशी पुरी होऊ शकते. दुसरीचा विचार मात्र पहिली पुरी झाल्यावरच करावयाचा असतो. हा क्रम चुकला, म्हणजे कष्टाचा पैसा इंजिनाच्या धुराबरोबर निघून जातो.

इंजिनाची शक्ती इंधन जळण्यातून येते आणि इंधन जळण्यास हवा लागते. साध्या इंजिनात पिस्टन आपल्या ओढीने जेवढी हवा आत घेईल तेवढीच मिळते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या उष्ण वायूवर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, ही ती युक्ती. हाच टर्बोचार्जर. त्याने काय साधते हे २०१७ साली भारतात आलेल्या मारुतीच्या बलेनो आरएस या गाडीवरून कळते. साध्या बलेनोचे पेट्रोल इंजिन सुमारे १.२ लिटरचे असून ८४ अश्वशक्तीचे होते. आरएसचे इंजिन अवघ्या १ लिटरचे असूनही सुमारे १०० अश्वशक्ती देई.

ही जादा शक्ती फुकट मिळत नाही. तिची किंमत मालकाला निगेच्या रूपाने मोजावी लागते. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो मोटार निघाली. तिच्या इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरावे लागे. अनेक मालक ते भरण्यास विसरत. टाकी रिकामी झाली की गाडीचा जोर ओसरे आणि तक्रारी सुरू होत. शेवटी कित्येक गाड्यांवरील टर्बो काढून तेथे साधा कार्बोरेटर बसविण्यात आला. यंत्र चांगले होते, परंतु निगा अपुरी पडली.

निगेतील पहिली गोष्ट म्हणजे ऑइल. टर्बोचा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल इंजिनातून त्याच्याकडे येणारा वायू ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असू शकतो. सर्वसाधारणपणे हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की बेअरिंग गेलेच म्हणून समजावे. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल वापरावे, ते मुदतीपूर्वी बदलावे आणि डिपस्टिक दर आठवड्याला पाहावी. सकाळी इंजिन सुरू करताच जोराने रेस करू नये. चोर्ला घाट चढून आल्यावर किल्ली लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे. तसे न केल्यास थांबलेले ऑइल तापलेल्या टर्बोत करपते, त्याचा कोळसा होतो आणि ऑइलची बारीक वाट बुजते. टर्बो डिझेल ट्रकवर हात बसलेला जुना चालक हे न सांगता पाळतो. काढलेले जुने ऑइल मात्र नाल्यात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. पावसाबरोबर ते विहिरीपर्यंत पोहोचते.

दुसरी गोष्ट हवा. डिचोलीच्या खाणी २०१२ साली थांबल्या आणि पुढे २०१८ सालीही थांबल्या, परंतु उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर उडणारी लाल धूळ कधी थांबली नाही. ती एअर फिल्टरवर बसते. फिल्टर तुंबला तर इंजिनाचा श्वास कोंडतो. फिल्टर फाटला, अथवा त्याच्यापुढील रबरी नळीचा क्लॅम्प सैल झाला, तर धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाऊन त्यांच्या कडा झिजविते. अशा मुलखात फिल्टर पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता तपासावा व मळला असल्यास बदलावा. टर्बोनंतरच्या नळीवर ऑइलचा ओला डाग दिसला, किंवा वेग घेताना फुसफुस ऐकू येऊन जोर कमी वाटला, तर दाबलेली हवा तेथून गळत आहे असा संशय घ्यावा.

पेडण्याच्या किनारपट्टीला, हरमल-मोरजीकडे, धुळीपेक्षा खारे वारे अधिक त्रास देतात. दाबल्यामुळे तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बहुधा गाडीच्या पुढील भागी असतो. त्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर मीठ व चिखल साचतो. गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने तो धुवावा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी घालू नये. हवेच्या नळीवाटे पाणी सिलिंडरात शिरले, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे आतला दांडा वाकतो.

इंजिन पूर्ण थंड असताना हवेची नळी काढून टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहता येतो. बाजूने किंचित हलणे स्वाभाविक आहे. मात्र पुढे-मागे सरकणे स्पष्ट जाणवले, पाती कवचाला घासली किंवा मागून निळसर धूर येत असला, तर काम घरचे राहिले नाही असे समजून जाणत्या कारागिराकडे जावे. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर भरवसा ठेवू नये, खाली भक्कम स्टँड द्यावेत.

एवढे सारे सुस्थितीत असल्यावरच फेरफारांचा विचार. आजच्या गाडीत संगणकातील आज्ञा बदलून टर्बोचा दाब वाढविता येतो, आणि हे काम इतके सोपे झाले आहे की त्यातच धोका आहे. दाब वाढला की उष्णता वाढते. गोव्याच्या एप्रिलातील हवा आधीच तापलेली असते. अशा वेळी इंधन ठिणगीपूर्वीच किंवा वेडेवाकडे पेटून ठोके पडतात आणि पिस्टन फुटू शकतो. म्हणून आधी सिलिंडरांतील दाब मोजावा, प्लग तपासावेत, इंटरकूलर व शीतक द्रव पाहावा, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल नेहमी मिळेल काय याचा विचार करावा. त्याहीआधी ब्रेक व टायर यांवर खर्च करावा.

कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्नही उभा राहतो. वाढविलेली शक्ती बंदिस्त शर्यतीच्या मार्गावर शोभते. डिचोली-साखळीच्या वळणावळणांच्या रस्त्यावर शाळेतून घरी निघालेली मुले चालत असतात.

अंगणातील त्या तरुणाचे हात काळे होतात, त्यात वावगे काही नाही. यंत्र समजून घेण्याची ती उत्तम शाळा आहे. त्याने एक वही ठेवावी आणि ऑइल केव्हा बदलले, फिल्टर केव्हा पाहिला, कोणता आवाज केव्हा ऐकू आला हे तीत लिहून ठेवावे. वर्षभर ती वही नेमाने भरली, म्हणजे गाडीला अधिक शक्ती हवी आहे की केवळ अधिक काळजी, याचे उत्तर त्याला तिच्यातच सापडेल.