पुण्याच्या हवेतली सत्तर वर्षं

१९५५ च्या सुमारास पुण्यातल्या उकिरड्यांवर एक अनोळखी झुडूप दिसू लागलं. कातरलेली पानं, शेंड्याला पांढऱ्या बारीक फुलांचे झुपके. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली : पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळ मुलूख मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा. शहरात त्याला गाजर गवत म्हणतात, गावाकडे काँग्रेस गवत. कुळानं ते झेंडू-सूर्यफुलाचं भावंड, आणि अमेरिकेत लाखो लोकांना दरवर्षी शिंकायला लावणारं रॅगवीड हेही त्याच कुळातलं.

पी. एल. ४८० या अन्नमदत योजनेतल्या अमेरिकन गव्हातून ते आलं, हे पुण्यात घरोघरी ऐकायला मिळतं. तारखा मात्र जुळत नाहीत. त्या योजनेखालचा भारताचा करार ऑगस्ट १९५६ चा, झुडूप त्याच्या आधीच दिसलेलं. अमेरिकन गहू १९५१ मध्येही आला होता, तेव्हा धान्यातूनच बी आलं असणं शक्य आहे. पण ते आलं कसं यावर आपण जेवढं बोललो, त्याच्या निम्म्यानंही ते पसरलं कसं यावर बोललो नाही.

ते पसरलं आपल्याच बांधकामांच्या मागोमाग. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठची वस्ती हलली आणि शहर मुठेच्या खोऱ्यात टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत सरकू लागलं. कोथरूड, बिबवेवाडी, सिंहगड रस्ता, पुढे बाणेर आणि बावधन. भाताची-ज्वारीची शेतं बिनशेती झाली, प्लॉट पडले आणि वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. कुठे मुरूम टाकलेला, कुठे राडारोडा. उकरलेली, उघडी जमीन या झुडपाला फार मानवते. मुरमाच्या ट्रकमधून, चाकांना लागलेल्या चिखलातून त्याचं बी एका उपनगरातून दुसऱ्यात गेलं.

एक फूल भिंगाखाली धरून पाहा. चार-पाच मिलिमीटरचा तो पांढरा ठिपका म्हणजे खरं तर फुलांचा गुच्छ असतो. कडेला पाच पुष्पकं, मधे चाळीसेक. बी धरतं ते फक्त कडेच्या पाचांत. मधली चाळीस निव्वळ पराग तयार करतात. अशा हजारो गुच्छांचं एक झाड पंधरा-वीस हजार बिया सहज टाकतं. ओल मिळाली की उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलोरा, त्यामुळे वर्षात तीन-चार पिढ्या निघतात.

त्रास आधी कातडीवर दिसला. शेतात, बागेत, मैदानात राबणाऱ्यांच्या पापण्या सुजत, मान आणि कोपराच्या खळग्या खाजून सोलवटत, उन्हात गेलं की आणखी भडका. १९६८ मध्ये पुण्याच्या डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी या त्वचारोगाचा संबंध गाजर गवताशी लावला. झाडातलं पार्थेनिन हे द्रव्य त्यामागे असतं. झाडाला हात न लावताही वाळलेल्या पानांची धूळ अंगावर बसून हा रोग होतो, हे तेव्हाच्या रुग्णांना पटवणं अवघड गेलं असणार.

नाकाकडे लक्ष जायला आणखी बराच काळ गेला. सतत शिंका, डोळ्यांना खाज, नाक वाहतंय, रात्री धाप लागते, आणि घरात मात्र ‘हवा बदलली’ एवढंच निदान. ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या संशोधकांनी याच झाडाच्या परागाची चाचणी घेतली. १९९१ च्या त्यांच्या पाहणीत शहरातल्या सुमारे सात टक्के लोकांच्या नासिकादाहामागे गाजर गवताचा पराग आढळला. मला हा आकडा फार मोठा वाटतो. शंभर माणसांच्या सोसायटीत सातजण, आणि त्यातले बरेच स्वतःला ‘सर्दीच्या कोठ्याचे’ समजत आयुष्य काढतात.

उपाय झाले. १९८४ च्या सुमारास मेक्सिकोचा झायगोग्रामा भुंगा बंगळुरूजवळ सोडला गेला. पावसाळ्यात त्याची भूक अफाट असते. एखाद्या पट्ट्यात झाडांच्या नुसत्या काड्या उरतात. पण थंडी पडली की तो मातीत दडून बसतो आणि पुढच्या पिढीच्या झाडांना मोकळं रान मिळतं. टाकळ्याचं बी पेरून गाजर गवताला हटवण्याचे प्रयोगही झाले, आणि ते मला जास्त शहाणपणाचे वाटतात, कारण टाकळा फुकटचा, शिवाय पावसाळ्यात कोवळी भाजी देणारा. ऑगस्टमध्ये जागृती सप्ताह होतो. झाडं उपटणारी शाळेतली मुलं मात्र हातमोज्यांविना दिसतात, याची चीड येते. फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून आणि नाकाला फडकं बांधून उपटणं, एवढं सांगायला वेगळा सप्ताह लागू नये.

दिवाळीच्या आसपास पुण्यात सप्तपर्णीच्या नावानं बोटं मोडली जातात. तिचा उग्र वास डोकं उठवतो हे खरं, पण तिचं परागण कीटकांकडून होतं. वाऱ्यावर येणाऱ्या परागाला वास नसतो, म्हणून तो सुटून जातो. पावसाळा सरताना गवतांचा, पुढे वावळाचा, आणि ओल असेल तिथे कधीही गाजर गवताचा. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा टेकड्यांमधल्या या खोलगट भागात साचून राहते, तेव्हा धुळीबरोबर परागही खाली अडकतो. नेमक्या त्याच वेळी माणसं फिरायला बाहेर पडतात.

मोजायची विद्या महाराष्ट्रात जुनी आहे. औरंगाबादचे प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले पराग आणि बुरशीचे बीजाणू टिपणारं यंत्र बनवलं; ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ याच नावानं ओळखलं जातं. चिकट पट्टी फिरत राहते, तिचे तुकडे कापायचे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. पुण्यात २०१३ पासून ‘सफर’ या हवा मोजणाऱ्या यंत्रणेची माहिती मिळते. आपला राष्ट्रीय हवा निर्देशांक आठ प्रदूषकं धरतो, शिसं आणि अमोनियासुद्धा. पराग त्यात नाही. चंडीगडनं अलीकडे आपलं परागाचं कॅलेंडर तयार केलं, कुठल्या आठवड्यात कुठलं झाड हे सांगणारं. गाजर गवताची देशातली ओळख जिथे पटली, त्या शहरातल्या दम्याच्या रुग्णाला हे कॅलेंडर सगळ्यांत आधी मिळायला हवं होतं. एक यंत्र, एक सूक्ष्मदर्शक आणि वनस्पतिशास्त्राचे दोन-तीन पदवीधर, एवढ्यावर ते पुढच्या पावसाळ्यात सुरू करता येईल.