रायग्रासची लागवड : हिरवळ आणि कुरण (इंग्लंड व न्यूझीलंड यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
इंग्लंडमधील विम्बल्डनची टेनिस मैदाने आणि न्यूझीलंडमधील दुभत्या गायींची कुरणे प्रामुख्याने एकाच गवतावर अवलंबून आहेत. हे गवत म्हणजे रायग्रास होय. बहुवर्षायू रायग्रास (लोलियम पेरेन) व इटालियन रायग्रास (लोलियम मल्टिफ्लोरम) हे त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला अनेक वर्षे टिकतो. दुसरा झपाट्याने वाढतो, परंतु एक-दोन वर्षांतच संपतो. म्हणून कायमस्वरूपी हिरवळीसाठी व दीर्घकालीन कुरणासाठी पहिल्याची निवड केली जाते. मात्र हिरवळीला उपयुक्त असलेले बियाणे कुरणाला उपयुक्त असेलच असे नाही. हा भेद दुर्लक्षिल्यास त्याची किंमत जनावरांना मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या गवताच्या वाढीच्या अटी व उपर्युक्त भेद यांचे विवेचन केले आहे.

हवामान व जमीन :
रायग्रास हे थंड व दमट हवेचे गवत आहे. सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअस तापमानाला त्याची वाढ सुरू होते आणि १८ ते २० अंशांच्या आसपास ती सर्वाधिक असते. तापमान २५ अंशांच्या वर गेल्यावर वाढ मंदावते. मुळे फारशी खोल जात नसल्यामुळे अवर्षणही त्यास सोसत नाही. न्यूझीलंडच्या वायकाटो प्रदेशात पावसावर हे गवत पोसले जाते, तर कोरड्या कँटरबरी मैदानात सिंचनाची जोड द्यावी लागते. दख्खनच्या पठारावरील उन्हाळ्यात ते तग धरत नाही; तेथे उष्णता सोसणारी हरळीच योग्य ठरते. जमीन सुपीक व उत्तम निचऱ्याची असावी. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा. नत्राला हे गवत चांगला प्रतिसाद देते. कुरणात पांढरे क्लोव्हर मिसळून पेरल्यास त्याच्या मुळांवरील गाठींमुळे नत्राची काही गरज भागते.

पेरणी :
बी सुमारे एक सेंटीमीटर खोल पेरावे. अनुकूल हवेत ५ ते १० दिवसांत उगवण होते. कुरणासाठी हेक्टरी साधारण २० ते २५ किलो बियाणे पुरते. हिरवळीसाठी मात्र दर चौरस मीटरला ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ३०० ते ४०० किलो लागते. कुरणात प्रत्येक रोपाला फुटवे फुटण्यास जागा हवी असते, तर हिरवळीत सुरुवातीपासूनच दाट व बारीक पात्यांचा थर हवा असतो.

कापणी व चराई :
रायग्रासच्या प्रत्येक फुटव्यावर एका वेळी साधारण तीनच जिवंत पाने असतात. चौथे पान आले की सर्वांत जुने पान सुकते. म्हणून अडीच ते तीन पाने आल्यावर जनावरे सोडावीत आणि ४ ते ५ सेंटीमीटर उंचीचे खुंट राखावेत. नवीन पालवीसाठी लागणारी साखर याच खुंटात साठलेली असते. साठा भरून येण्यापूर्वी पुन्हा चराई झाल्यास रोप दुर्बल होते. हिरवळीची गोष्ट निराळी आहे. विम्बल्डनवर २००१ पासून केवळ बहुवर्षायू रायग्रास पेरले जाते व स्पर्धेच्या काळात ते ८ मिलिमीटर उंचीवर राखले जाते. त्यासाठी बुटक्या, दाट वाढणाऱ्या वाणांची निवड केलेली असते.

बियाण्यातील बुरशी :
रायग्रासच्या आत एक बुरशी वास करते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि बियाण्यातूनच पुढील पिढीत जाते. तिच्यापासून तयार होणारी द्रव्ये गवताला किडींपासून वाचवतात. म्हणून हिरवळीसाठी बुरशीयुक्त बियाणे मुद्दाम निवडले जाते. तथापि त्यांपैकी लोलिट्रेम-बी हे द्रव्य पोटात गेल्यास मेंढ्या व गुरे थरथरतात, तोल जाऊन पडतात. कधी खड्ड्यात वा पाण्यात पडून दगावतात. न्यूझीलंडमधील संशोधकांनी १९८१ मध्ये या विकाराचा संबंध बुरशीशी जोडून दाखविला. बुरशीविरहित गवत पेरावे, तर अर्जेंटिनी खोडभुंगा ते फस्त करतो. या पेचावर उपाय म्हणून २००१ मध्ये एआर-१ ही निवडक बुरशी असलेले बियाणे तेथे उपलब्ध झाले. तिच्यात लोलिट्रेम-बी तयार होत नाही, पण खोडभुंग्यापासून संरक्षण मिळते. मात्र काळ्या भुंगेऱ्यापुढे ती अपुरी पडते. शिवाय उष्ण व दमट जागी साठविलेल्या बियाण्यातील ही बुरशी बीजाच्या आधी मरते. म्हणून साठवण थंड व कोरड्या जागी करावी. जुनी बुरशी असलेल्या कुरणात हे विषारी द्रव्य बुंध्याशी व कणसात अधिक असते. त्यामुळे उन्हाळ्यात व शरदात अगदी खालपर्यंत चराई टाळावी.

निष्कर्ष :
थंड हवा, पुरेसा ओलावा, निचऱ्याची जमीन व पानांच्या संख्येनुसार चराई यांवर रायग्रासचे कुरण टिकते. हिरवळ मात्र दाट पेरणी व नियमित कापणी यांवर टिकते. परंतु कुरणाच्या बाबतीत याहून महत्त्वाचा प्रश्न बियाण्यातील बुरशी कोणती, हा आहे. हिरवळीसाठी तयार केलेले बियाणे स्वस्त अथवा सहज उपलब्ध आहे म्हणून कुरणात पेरणे पशुपालकाने कटाक्षाने टाळावे.