आडनावावाचून नाव

तुमचे पूर्ण नाव उच्चारून पाहा. आधी तुमचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. आता आडनाव गाळा. चुकल्यासारखे वाटते ना?

आइसलँडमध्ये मात्र बहुतेकांना आडनावच नसते! गुन्नार नावाच्या गृहस्थाचा मुलगा ‘गुन्नार्सोन’, तर मुलगी ‘गुन्नार्सदोत्तिर’. ‘सोन’ म्हणजे मुलगा, ‘दोत्तिर’ म्हणजे मुलगी. त्यामुळे सख्ख्या बहीणभावांची शेवटची नावे वेगळी असतात. लग्नानंतरही बाईचे नाव सहसा बदलत नाही. लग्न झाले तरी ती मुलगी गुन्नारचीच! १९८० मध्ये तेथे राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर या फिन्बोगी यांच्या कन्या. वडिलांऐवजी आईचे नावही लावता येते.

तुमचे नाव या रीतीने वहीत लिहा. एकदा वडिलांच्या नावाने, एकदा आईच्या!